सुरांनी तारलेले जहाज

प्रेक्षागृहात अंधार झालेला आहे, पण पडद्यावर चित्र नाही, नामावली नाही, काहीच नाही. ऐकू येतात फक्त व्हायोलिनचे हळुवार, काहीसे विरही सूर. काही वेळ नुसते संगीत. ७ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ प्रदर्शित झाला, त्याची सुरुवात अशी होती. नांदीनंतरच नाटक सुरू होते हे ठाऊक असलेल्या आपल्या मंडळींना यात फारसे नवल वाटणार नाही. हॉलिवुडमध्ये मात्र चित्रपटाआधी वाद्यवृंद वाजवण्याची ही प्रथा तोवर जवळजवळ मोडीत निघाली होती. आणि खुर्च्यांवर बसलेले लोक काही संगीताच्या मैफलीला आलेले नव्हते. ते एका जहाजाला भेटायला आले होते. दहा वर्षे त्याची वाट पाहत होते.

हे जहाज म्हणजे तेविसाव्या शतकातले ‘एंटरप्राइज’ हे अंतराळयान. जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. धडाडीचा कप्तान कर्क, टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा स्पॉक आणि या दोघांच्या मध्ये सतत कुरकुरणारा डॉक्टर मॅकॉय. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या वाचकांना हे त्रिकूट आठवत असेल, कारण ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी ते घरोघरी येत असे. अमेरिकेत मात्र त्या मालिकेचा जीव तीन वर्षांचाच ठरला. ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये खेळ आटोपला.

तीन वर्षे तरी ती चालली, याचे श्रेय प्रेक्षकांना द्यावे लागते. मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागताच बीजो ट्रिम्बल आणि त्यांचे पती जॉन या चाहत्या जोडप्याने पत्रमोहीम उघडली. वाहिनीच्या कचेरीत पत्रांचा असा काही पाऊस पडला की १ मार्च १९६८ रोजी एक भाग संपल्यावर निवेदकामार्फत जाहीर करावे लागले, की मालिका चालू राहणार आहे, आता कृपा करून पत्रे थांबवा! पुढे मालिका बंद झाली तरी पुनःप्रक्षेपणातून तिचा पसारा वाढतच गेला. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचे संमेलन भरले. काही शे लोक येतील असा संयोजकांचा अंदाज होता, आले तीन हजारांवर. १९७६ मध्ये तर या मंडळींनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनाच पत्रे धाडली आणि नासाच्या पहिल्या स्पेस शटलचे ठरलेले ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलून ‘एंटरप्राइज’ ठेवायला लावले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते शटल लोकांसमोर आणले गेले, तेव्हा मालिकेतले कलावंत हजर होते आणि वायुदलाच्या बँडने वाजवली ती मालिकेचीच धून!

आता अशा लोकांना तुम्ही नुसते ‘प्रेक्षक’ म्हणाल काय? देवळाचा जीर्णोद्धार वर्गणी काढून करणाऱ्या गावकऱ्यांना जसे देऊळ आपले वाटते, तशी ही मालिका त्यांना आपली वाटत होती. कायद्याने ती पॅरामाउंट कंपनीची होती, ही गोष्ट वेगळी.

कंपनीचे धोरण मात्र धरसोडीचे. आधी चित्रपट काढायचे ठरले, ते बारगळले. मग नवी दूरदर्शन मालिका करायचे ठरले. तिची जुळवाजुळव चालू असतानाच १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ झळकला आणि तिकीटबारीवर पैशांच्या राशी पडू लागल्या. वर्षअखेरीस ‘क्लोज एन्काउंटर्स’ आला. झाले! मालिकेचा विचार गुंडाळून पुन्हा चित्रपटाची घोषणा झाली. दिग्दर्शक म्हणून आले रॉबर्ट वाइज, म्हणजे ‘द साउंड ऑफ म्युझिक’चे वाइज. त्यांना मालिकेची फारशी माहिती नव्हती, पण घरात पत्नी कट्टर भक्त. पहिल्या आराखड्यात स्पॉक नव्हता, कारण लेनर्ड निमॉय आणि कंपनी यांचे फाटले होते. स्पॉकशिवाय ‘स्टार ट्रेक’ होऊच शकत नाही, असे घरच्या मंडळींनी वाइजना बजावले आणि निमॉय यांची मनधरणी झाली. चाहत्यांचा वशिला असा थेट दिग्दर्शकाच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचलेला होता.

पुढे व्हायचे ते सगळे झाले. विशेष दृश्यांचे काम ज्या कंपनीकडे होते तिच्याकडून ते निभेना, तेव्हा १९७९ च्या सुरुवातीला डग्लस ट्रम्बल यांना पाचारण केले गेले. चित्रपटगृहांना तारीख दिलेली होती, ती हलवता येत नव्हती. खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेला. चित्रपट आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवून त्याची काटछाट करायची, या नेहमीच्या पायरीलाही वेळ उरला नाही. वॉशिंग्टनच्या पहिल्या खेळाला वाइज स्वतःच जेमतेम तयार झालेली प्रिंट घेऊन गेले. आयुष्यभर संकलनाच्या टेबलावर वाढलेल्या या माणसाला आपला चित्रपट पुरता कापून होण्याआधीच लोकांपुढे ठेवावा लागला.

लोक आले ते झुंडीने. पहिल्या शनिवार-रविवारी एक कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमला, तो त्या वेळचा विक्रम होता. पण बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे काही वेगळेच सांगत होते. ज्यांनी पत्रे लिहून मालिका जगवली, तेच चित्रपटाला नावे ठेवू लागले, आणि नावेही शब्दशः! ‘मोशन पिक्चर’ कसले, हे तर ‘मोशनलेस पिक्चर’, जागचे न हलणारे चित्र, हे त्यातले सर्वात गाजलेले. त्याच वर्षीच्या ‘अपोकॅलिप्स नाउ’ची आठवण काढून कोणी त्याला ‘स्पॉकॅलिप्स नाउ’ म्हटले. आणखी एक टोमणा फक्त जाणकारांना कळणारा. मालिकेच्या १९६७ मधल्या एका भागात ‘नोमॅड’ नावाचे यंत्रयान आपल्या निर्मात्याला शोधत येते. चित्रपटाची कथाही बरीचशी तीच. तेव्हा, जिथे कोणी गेले नाही तिथे जाण्याच्या मालिकेच्या ब्रीदवाक्यात एक शब्द बदलून ‘जिथे नोमॅड जाऊन आला आहे तिथे’ असे त्याचे बारसे झाले. आपल्या माणसाने केलेली थट्टा परक्याच्या टीकेपेक्षा अधिक झोंबते, ती अशी.

तक्रारी खऱ्याच होत्या. पृथ्वीच्या दिशेने एक अजस्र ढग येतो आहे, त्याच्या पोटात ‘व्हीजर’ नावाची शक्ती आहे. एंटरप्राइज त्या ढगात शिरते आणि मग कितीतरी वेळ जहाजावरची मंडळी समोरच्या पडद्याकडे डोळे विस्फारून पाहत राहतात. ती पाहतात आणि आपण त्यांना पाहतो. कर्क, स्पॉक आणि मॅकॉय यांची नोकझोक, जी मालिकेचा प्राण होती, ती पार आटलेली. मालिकेतले रंगीबेरंगी गणवेश जाऊन त्यांच्या जागी फिक्या राखाडी रंगाचे कपडे आले. लोकांना ते रात्रीच्या पायजम्यासारखे दिसले. दहा वर्षांनी घरी आलेला भाऊ नुसता हवापाण्यावर बोलून निघून जावा, तसे काहीसे झाले.

आणि तरीही या चित्रपटातील एक गोष्ट अशी होती की जिच्याविषयी भांडण फार कमी झाले. ती म्हणजे जेरी गोल्डस्मिथ यांचे पार्श्वसंगीत.

गोल्डस्मिथ तेव्हा पन्नास वर्षांचे होते. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’सारख्या चित्रपटांनी त्यांचे नाव झालेले, ‘द ओमेन’साठी ऑस्कर मिळालेले. मूळ मालिकेच्या वेळीही रॉडनबेरी यांच्या मनात तेच होते, पण तेव्हा ते मोकळे नव्हते आणि काम अलेक्झांडर करेज यांच्याकडे गेले. करेज यांनी केलेली धून अजरामर झाली. (तिच्यावर रॉडनबेरी यांनी शब्द लिहून ठेवले. ते कधी गायले गेले नाहीत, पण त्यामुळे मानधनातला अर्धा वाटा मात्र त्यांना मिळत राहिला. असो.) म्हणजे गोल्डस्मिथ यांच्यापुढे पेच दुहेरी होता. एकीकडे चाहत्यांच्या कानात पक्की बसलेली करेज यांची धून आणि दुसरीकडे ‘स्टार वॉर्स’साठी जॉन विल्यम्स यांनी नुकतेच उभे केलेले भव्य संगीत.

पहिल्या फेरीत ते चुकले. जहाजाच्या पहिल्या दर्शनासाठी त्यांनी जे ध्वनिमुद्रित केले, ते वाइज यांना पटेना. ऐकायला चांगले होते, पण त्यातून शिडाची गलबते डोळ्यांसमोर येत होती आणि मुख्य म्हणजे लक्षात राहील अशी धून त्यात नव्हती. पूर्ण वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले संगीत बाजूला ठेवा, असे ऐकणे कोणत्या संगीतकाराला रुचेल? गोल्डस्मिथ यांनाही ते लागले. पण विचार केल्यावर दिग्दर्शकाचे म्हणणे त्यांना पटले. ते पुन्हा बसले, आणि या वेळी त्यांना ती धून सापडली. झेप घेणारी, कूच करणारी, छाती फुगवणारी. मग तिच्या आधारे आधी केलेले भागही नव्याने बांधले गेले. विशेष दृश्ये तयार होऊन हाती येत नव्हती, तरी ध्वनिमुद्रण सप्टेंबरपासून थेट प्रदर्शनाच्या तोंडापर्यंत चालले. वेळ पुरेना तेव्हा मदतीला आलेल्यांत स्वतः करेजही होते. कप्तानाच्या रोजनिशीच्या प्रसंगांत त्यांची जुनी धून ऐकू येते, ती त्यांनीच बांधून दिली. ज्याच्या जागी आपण आलो तोच मदतीला यावा, ही गोष्ट चित्रपटाच्या धंद्यात रोज घडत नाही.

या नव्या धुनेने काय साधले, ते पाहायचे असेल तर एकच प्रसंग पुरेसा आहे. एंटरप्राइज दुरुस्तीच्या गोदीत उभी आहे. कर्क बरीच वर्षे कचेरीत बसून कंटाळलेला. इंजिनिअर स्कॉटी त्याला छोट्या होडीवजा यानात बसवून जहाजाकडे नेतो. चार-पाच मिनिटे कोणी काही बोलत नाही. कथा तसूभरही पुढे सरकत नाही. ‘जागचे न हलणारे चित्र’ म्हणणाऱ्यांचा हा पहिला पुरावा.

पण कान देऊन पाहा. गोदीच्या लोखंडी सांगाड्यातून जहाजाचा तुकडा दिसतो, तसा धुनेचाही तुकडाच ऐकू येतो. सांगाडा मध्ये येतो, धून अडते. पुन्हा एक कड दिसते, पुन्हा सूर वर चढतात आणि थबकतात. गोल्डस्मिथ ऐकणाऱ्याला झुलवत ठेवतात, अगदी आपला कसलेला गवई समेच्या जवळ येऊन हुलकावणी देतो तसे. आणि अखेर यान वळसा घालून समोर येते, जहाज पूर्णपणे दृष्टीस पडते, तेव्हाच सगळा वाद्यवृंद समेवर येतो. कर्कच्या चेहऱ्यावर जे दिसते तेच प्रेक्षागृहातल्या माणसाच्या मनात असते: तू आहेस तर अजून! पहिल्या खेळांना इथे टाळ्या पडल्या, अनेकांचे डोळे पाणावले. तटस्थ प्रेक्षकाला ही पाच मिनिटे नुसती एका खेळण्याभोवती घातलेली प्रदक्षिणा वाटली. दोघेही खरे. हा प्रसंग कथेसाठी नव्हताच. तो दहा वर्षे वाट पाहणाऱ्यांसाठी होता. संवादांमध्ये त्यांच्यासाठी कुठेही सापडत नाही ते ‘या, बसा’ इथे सुरांनी म्हटलेले आहे.

चाहत्यांना चित्रपटात खरोखरीचीही जागा मिळाली होती. कप्तान सगळ्या खलाशांना एकत्र बोलावतो, त्या प्रसंगात सुमारे तीनशे जणांची गर्दी आहे. तीत अनेक चाहते गणवेश घालून उभे आहेत, पत्रमोहीमवाल्या बीजो ट्रिम्बलसुद्धा. व्हीजरच्या ढगातून जो एक भयाण, धातूचा घुमारा येतो त्यामागेही असेच एक जुने नाते. ते वाद्य म्हणजे ‘ब्लास्टर बीम’. बारा ते अठरा फूट लांबीची धातूची पट्टी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि खाली विद्युतचुंबकीय पिकअप. तारांवर आघात झाला की पोटात खड्डा पडावा असा आवाज निघतो. ते वाजवणारा क्रेग हक्सली लहानपणी मूळ मालिकेत चमकला होता, कर्कचा पुतण्या म्हणून!

या व्हीजरचे रहस्य शेवटी उलगडते. ती कोणी परकी शक्ती नसून पृथ्वीवरूनच गेलेले ‘व्हॉयेजर ६’ हे यान असते. नावातली मधली अक्षरे काजळून गेल्याने उरलेले ते ‘व्हीजर’. सहावे व्हॉयेजर काल्पनिक, पण पहिली दोन खरी. ती १९७७ मध्ये सुटली आणि त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. चित्रपटातल्या यानाच्या पोटातून घुमतो तो ब्लास्टर बीम; सूर्याच्या प्रभावकक्षेपलीकडे पोहोचलेल्या खऱ्या यानात आहे गोव्याच्या केरी गावच्या गायिकेचा स्वर. व्हीजर निर्मात्यापाशी परतून अस्तित्वाचा अर्थ विचारतो. केसरबाईंचे यान परतणार नाही, आणि त्याला काही विचारायचेही नाही.

आरंभी अंधारात वाजणाऱ्या त्या सुरांची नायिकाही आपलीच. चित्रपटातल्या इलिया या नौकावाहिकेची ती धून, आणि इलिया झाली होती मुंबईची पर्सिस खंबाटा. १९६५ ची मिस इंडिया. बारगळलेल्या मालिकेसाठीच तिची निवड झाली होती. इलिया ज्या ग्रहावरची, तिथल्या स्त्रियांना डोक्यावर केस नसतात, म्हणून पर्सिसने डोक्याचा चक्क गोटा केला. सौंदर्यस्पर्धेत नाव कमावलेल्या मुलीने हे करावे, याचे तेव्हा कोण कौतुक झाले होते! कथेत व्हीजर इलियाला नाहीशी करतो आणि तिच्या रूपाचे एक यंत्र जहाजावर धाडतो. यंत्राचा चेहरा कोरा, आवाज कोरा. आत कुठेतरी जुनी इलिया शिल्लक आहे हे सांगायला पटकथेकडे शब्द फार थोडे आहेत. ते काम तिची धून करते. यंत्राला जुन्या आठवणींचा स्पर्श होतो तेव्हा ती हळूच डोकावते आणि पुन्हा लपते. पर्सिसच्या निश्चल चेहऱ्याला समीक्षकांनी थंड म्हटले. ते चुकीचे आहे असे मला वाटते. चेहरा कोरा ठेवणे हेच तिचे काम होते, उरलेले व्हायोलिनने करायचे होते.

१४ एप्रिल १९८० च्या ऑस्कर समारंभात पर्सिस व्यासपीठावर होती. तिथे पारितोषिक द्यायला उभी राहिलेली ती पहिली भारतीय म्हणून ओळखली जाते. त्याच समारंभात गोल्डस्मिथ यांचे संगीत स्पर्धेत होते आणि हरले. पारितोषिक ‘अ लिटल रोमान्स’साठी जॉर्ज दलरू यांना गेले. पर्सिसची हॉलिवुडमधली कारकीर्द पुढे रेंगाळली. ती मुंबईला परतली आणि १८ ऑगस्ट १९९८ रोजी, पन्नाशीही गाठण्याआधी, हृदयविकाराने गेली.

चित्रपट पडला पण गाणी राहिली, हा आपल्याकडचा अनुभव. ‘कागज के फूल’ आणि ‘मेरा नाम जोकर’ यांची उदाहरणे सर्वांना पाठ आहेत. पण इथे प्रकार थोडा निराळा. मुळात चित्रपट पैशांच्या हिशेबाने पडलाच नव्हता, तो मनातून उतरला होता. १९८२ मध्ये दुसरा भाग निघाला तो सव्वा कोटी डॉलरच्या आतबाहेर खर्चात, आणि गोल्डस्मिथ परवडेनात म्हणून अठ्ठावीस वर्षांच्या जेम्स हॉर्नरला घेतले गेले. चाहते खूश झाले. गणवेश लाल झाले, नोकझोक परत आली, आणि हॉर्नरच्या संगीतात समुद्र, शिडे, वारा सारे काही होते! पहिल्या चित्रपटाची धून आता विस्मरणात जाणार असेच वाटत होते.

पण सप्टेंबर १९८७ मध्ये रॉडनबेरी यांनी ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका आणली तेव्हा शीर्षकासाठी त्यांनी हीच धून निवडली. आधी करेज यांची जुनी ललकारी आणि तिला जोडून गोल्डस्मिथ यांची चाल. सात वर्षे, आठवड्यामागून आठवडे ती वाजली. एक सबंध पिढी तिला ‘आपल्या मालिकेची धून’ म्हणूनच ओळखते. यांतल्या कितीतरी जणांनी नंतर केव्हातरी १९७९ चा चित्रपट पाहिला आणि नामावलीलाच ते चमकले, हे इथे कसे?

१९८९ मध्ये पाचव्या चित्रपटासाठी गोल्डस्मिथ परतले. तो चित्रपट तर चाहत्यांनी अक्षरशः झोडपला, आणि संगीत मात्र पुन्हा उचलून धरले. शेवटपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत, या मालिकेतल्या एकूण पाच चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. २००४ मध्ये ते गेले.

वाइज यांनाही आपला अपुरा राहिलेला चित्रपट २००१ मध्ये पुन्हा हाती घेता आला. रेंगाळणारे भाग आवरले गेले, अर्धवट दृश्ये पुरी झाली. २०२२ मध्ये त्याचीच आणखी उजळलेली आवृत्ती आली. आता चाहत्यांचा सूर बराच बदललेला आहे. ‘जागचे न हलणारे’ म्हणणाऱ्यांपैकी काही त्यालाच शांत, चिंतनशील म्हणू लागले आहेत. माझ्या मते तो अजूनही संथ आहे, आणि ढगातल्या प्रवासात डुलकी लागली तर त्यात आपला दोष नाही. गोदीतला प्रसंग मात्र कोणत्याही आवृत्तीत, कितव्याही वेळी पाहावा.

२०१२ मध्ये या चित्रपटाचे सगळे संगीत तीन तबकड्यांच्या संचात निघाले. १९७९ मध्ये काढलेल्या एकाच लांब तबकडीत न मावलेले बरेच काही त्यात आहे, आणि वाइज यांनी नाकारलेले ते पहिले संगीतसुद्धा. ते वाईट मुळीच नाही. लाटा उठतात, शिडे फुगतात, वारा भरून येतो. फक्त जहाज काही दिसत नाही.